परमपवित्रस्थान, भाड्याने

“हे नाही मिळायचे,” मिल्का आत्या म्हणाली आणि तिनं कसोटे मास्तरांच्या हातातले सोनेरी पंख काढून घेतले.

मी शिडीवर चढून दाढ्यांचं खोकं उतरवत होतो, तो तिथंच थांबलो. आमच्या दुकानात ‘नाही मिळायचं’ हे शब्द तोवर कुणी उच्चारले नव्हते. रास्ता पेठेतलं ‘किहीमकर ड्रेपरी’ म्हणजे नाटकाला लागणारं सगळं भाड्यानं देणारं दुकान. मुकुट, मिशा, तलवारी, पडदे, सिंहासन. एक दाढी मागायला आलेला माणूस आत्याच्या तावडीतून दोन दाढ्या आणि एक कमंडलू घेऊनच सुटायचा. “एक दाढी ऐन वेळी दगा देते हो,” असं ती इतक्या काळजीनं सांगायची की माणसाला स्वतःच्या हनुवटीचा भरवसा वाटेनासा व्हायचा. आणि आज पंख मागायला स्वतःहून आलेल्या गिऱ्हाइकाला ती पंख देत नव्हती.

“पण आहेत ना तुमच्याकडे?” मास्तर म्हणाले.

“आहेत. पऱ्यांच्या नाचाला देते. तुम्हाला नाही.”

देवदान कसोटे मास्तर मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे. माणूस ओळखायचा असेल तर त्याला मुकुट भाड्यानं द्यावा आणि परत आणताना पाहावा, असं माझं मत आहे. मास्तर मुकुट पुसून आणायचे, आणि गळालेला मणी कागदाच्या पुडीत वेगळा द्यायचे. त्यांच्या चर्चला त्या वर्षी, म्हणजे चौसष्ट साली, पंचाहत्तर वर्षं होत होती आणि त्यासाठी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. त्याचं स्थळ होतं जेरुसलेमचं मंदिर. म्हणजे आमचं. आम्ही बेने इस्राएल. कोकणातून पुण्यात आलेले मराठी यहुदी. ते मंदिर रोमनांनी जाळून एकोणीस शतकं होत आली, पण ‘आमचं’ हा शब्द आत्यानं मास्तरांना खुर्चीवर बसायच्या आत ऐकवला होता.

“येशूनंतर शिष्यांना चर्च कुठलं?” मास्तर सांगत होते. “ते रोज जमायचे ते मंदिराच्याच आवारात. शलमोनाची देवडी म्हणून खांबांचा लांब ओटा होता, तिथं. आमची पहिली मंडळी तीच.”

“म्हणजे तुम्ही आमच्या देवडीत बसायचात.”

“तसं प्रेषितांच्या पुस्तकातच आहे.”

“भाडं द्यायचात?”

मास्तर गंभीर गृहस्थ. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. “भाड्याचा उल्लेख नाही.”

“असेल, असेल. आमचीच माणसं होती, मागितलं नसेल,” आत्या म्हणाली. “पुढे सांगा.”

नाटकाचा सगळा जीव शेवटच्या प्रवेशात होता. मंदिरातला एक म्हातारा याजक, म्हणजे पुजारी, या नव्या मंडळीत येऊन मिळालाय, आणि देवडीत बसून तो त्या शुक्रवारी काय पाहिलं ते सांगतोय. येशूनं प्राण सोडला त्या क्षणी मंदिरातल्या सर्वांत आतल्या खोलीचा, परमपवित्रस्थानाचा पडदा वरपासून खालपर्यंत आपोआप फाटला. याजक सांगत असतानाच त्याच्या पाठीमागे तो पडदा खरोखर फाटायचा. आणि मास्तरांच्या मनात असं होतं की आत कराराचा कोश दिसावा, सोन्याची पेटी, तिच्यावर पंख पसरलेले दोन देवदूत, म्हणजे करूब, आणि वरून पिवळा दिवा.

“आत काही ठेवायचं नाही,” आत्या म्हणाली.

“काही नाही म्हणजे?”

“पेटी नाही, पंख नाहीत, दिवा नाही, फूल नाही.”

“मिल्काबाई, कोश पहिल्या मंदिरात होता आणि या दुसऱ्या मंदिरात नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. पण नाटक आहे हे. लोक मान पुढे काढून बघणार, आणि त्यांना दिसणार काय? भिंत?”

“भिंत.”

“लोक हसतील हो.”

“मास्तर, नाटक तुमचं, मंदिर माझं. पडदा तुम्ही म्हणाल तिथं, म्हणाल तेव्हा, म्हणाल तसा फाडून देते. आत मात्र मी म्हणेन तसं राहील. शब्दाला शब्द. पटतंय?”

मास्तर महिनाभर येत राहिले. पंख एकच घेतो म्हणाले, मग पंख नको पण पेटी द्या म्हणाले, मग नुसता दिवा. आत्यानं चहा दिला, दिवा दिला नाही.

त्या महिन्यात ती साध्या दिव्यालाही का तयार होईना, हे तिनं मास्तरांना सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण मास्तरांच्या पहिल्या फेरीनंतर लगेच रहमिमजी वाकरुळकर दुकानात आले तेव्हा मी होतो. रहमिमजी आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे प्रार्थनाघराचे, मुकादम; तिथं शेवटचा शब्द त्यांचा. दुकानात आले म्हणणंही चूक. ते उंबऱ्याशी उभे राहिले. आत सिंहासनासकट बसायच्या पंधरा जागा होत्या, पण त्यांना त्यातली एकही स्वच्छ वाटली नसावी. माझे वडील गेल्यावर हा धंदा आत्यानं चालवला; लग्न केलं नाही, नाटकमंडळींत उठबस, रंगपटात वावर. आमच्या लोकांत तिला ‘नाटकवाली’ म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तिला ऐकू जाईल इतपत लांबून म्हणत.

“मंदिराची नक्कल करू नये, असं सांगून ठेवलंय,” रहमिमजी म्हणाले.

“नक्कल कुठली? बांबू, गोणपाट आणि खळ.”

“नाव तर तेच लावणार ना? आणि त्यात बाहुल्या मांडणार, दिवे सोडणार. लोक म्हणतील, नाटकवालीनं मंदिराचा तमाशा केला.”

तोंडावर तो शब्द पहिल्यांदाच आला होता. आत्या गल्ल्यावरून उठली.

“तुम्ही बघायला या, रहमिमजी. एकटे नको, सगळ्यांना आणा. पडदा फाटल्यावर आत एक मूर्ती, एक पूजेची वस्तू, एक चकाकणारा मणी जरी दिसला, तर मी पुन्हा सिनेगॉगची पायरी चढणार नाही. सणाला नाही, कुणाच्या लग्नाला नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

म्हाताऱ्यानं तो शब्द पावती घ्यावी तसा घेतला आणि उंबऱ्यावरूनच परत गेला.

मंदिर उभं राहिलं मिशन शाळेच्या हॉलमध्ये. स्टेज एका वर्गाएवढं, आणि त्यात आत्याला सगळं हवं होतं. सर्वांत बाहेर सगळ्या राष्ट्रांच्या लोकांसाठी अंगण. मग कमरेएवढी आडभिंत; परक्यानं हिच्या आत पाऊल टाकलं तर मरणाची जबाबदारी त्याची, असा तिच्यावर कोरलेला दगड. मग बायकांचं अंगण, मग अर्धगोल पायऱ्या, मग पुरुषांचं, मग याजकांचं, मग खुद्द मंदिर, आणि त्याच्याही आत ती खोली. जसजसं आत जावं तसतशी माणसं गळत जायची. शेवटच्या खोलीत फक्त एक माणूस, महायाजक, तोही वर्षातला एकच दिवस. धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर मला हा हिशेब कधीच पटला नाही. एवढी जागा, एवढं सोनं, आणि सर्वांत चांगली खोली वर्षभर बंद.

आडभिंतीच्या बाहेर उभं राहायला मास्तरांच्या मंडळीत कुणी तयार होईना. ज्याला त्याला याजक व्हायचं होतं.

“अरे, येशूनं ही भिंत पाडली असंच तर प्रेषित पौल सांगतो!” मास्तर कळवळून म्हणाले.

“मग पाडा आधी, मग उभे राहतो,” मागून कुणीतरी म्हणालं.

आत्यानं जाहीर केलं की बाहेरच्या लोकांना रेशमी फेटे मिळतील, आतल्यांना साधे पांढरे. पाच मिनिटांत आतलं अंगण ओस पडलं.

मंदिर बांधलं आणि रंगवलं आमच्या गेनू गुरवानं. गेनू आमचा सुतार, रंगारी, पडदे ओढणारा, सगळंच. त्याच्या घराण्यात गावच्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या होती. नारळ फोडल्याशिवाय त्यानं आयुष्यात पडदा वर नेला नव्हता.

“बाई, कळस कुठं काढू?”

“कळस नाही.”

“शिखर?”

“सपाट.”

“मग देऊळ हाय हे समजायचं कशावरनं?”

“पायऱ्या चढताना दम लागला की समजेल.”

गेनूनं ब्रश खाली ठेवला. “आन्‌ गाभाऱ्यात?”

“काही नाही.”

पान मांडून वाढायचं विसरलेल्या यजमानिणीकडे पाहावं तसं त्यानं आत्याकडे पाहिलं. मग कामाला लागला. तीन बाजूंनी चौकटी ठोकल्या, चौथ्या बाजूला पडदा टांगला. निळा, जांभळा, किरमिजी, हाताला जड. मधोमध कच्चा टाका घालून दोन तुकडे जोडलेले आणि वरून एक दोरी विंगेत आणलेली. झटका दिला की टाका वरून खाली उसवत जायचा. उसवावा म्हणून टाका घालायची आत्याची जन्मातली ही पहिलीच वेळ. घालताना ती स्वतःशीच पुटपुटत होती.

पडदा टांगून झाल्यावर ती म्हणाली, “आता आत कुणी जायचं नाही.”

“हातोडी राहिली की आत,” गेनू म्हणाला.

“राहू दे.”

“एकच हाय माझी. जाऊन आणतो, बांबूचं तर हाय.”

“बांबूचं असलं तरी नाव त्या खोलीचं आहे.” मग तिला दया आली असावी. “आमच्या मंदिरात आतली भिंत दुरुस्त करायची वेळ आली ना, तर गवंड्याला वरच्या मजल्यावरून पेटीत बसवून खाली सोडायचे. पेटी तीन बाजूंनी बंद. समोरची भिंत तेवढी दिसायची, इकडेतिकडे बघता यायचं नाही. काम करायचं आणि वर यायचं. तूही वरूनच काढ.”

गेनूनं तुळईवर चढून, दोरीला आकडा बांधून हातोडी वर काढली. युक्ती त्याला फार आवडली. “शाणी होती तुमची मानसं,” तो दोनतीनदा म्हणाला.

हे झालं शुक्रवारी. दिवस मावळायच्या आत आम्ही घरी गेलो, कारण शनिवारी आम्ही कामाला हात लावत नाही. शनिवारी हॉल राखायला गेनू एकटाच राहिला.

रविवारी चार वाजता हॉल भरला. पुढच्या तीन रांगा आमच्या. मुकादम रहमिमजी पहिल्या रांगेत मधोमध, काळी टोपी, काठीवर दोन्ही हात. मागच्या रांगेत आमच्या बायका, नऊवारी नेसून, नाकाला पदर लावून. रंगाचा वास येत होता म्हणून, असं नंतर म्हणाल्या. त्यांच्या मागे मास्तरांची अख्खी मंडळी, चर्चचे पाळकसाहेब धरून.

नाटक बरं चाललं. आडभिंतीबाहेरचे लोक फेट्यांमुळे महायाजकापेक्षा रुबाबदार दिसत होते. शेवटचा प्रवेश सुरू झाला. म्हातारा याजक झाला होता रत्नाकर शिरसाठ. पोस्टमन. दिवसभर लोकांच्या दारात दोन शब्द बोलून पुढे जावं लागणारा माणूस, त्यामुळे त्याच्या पोटात भाषणं साठलेली असायची. मी विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होतो. शेजारी आत्या ट्रंकेवर बसलेली. पलीकडे मास्तर हातात वही घेऊन, पुटपुटत.

गेनू माझ्या कानाशी आला. चेहरा अगदी तृप्त.

“बिन्याशेठ, आता काळजी न्हाई. बाईंस्नी सांगू नका, पन गाभारा मोकळा न्हाई ठिवला मी.”

“काय?”

“देव नको म्हनल्या, बरं. न्हाई ठिवला. पन निदान कलश तरी? काल ठिवला. तांब्याचा, आंब्याची पानं, वर नारळ. सुतक असल्यागत दिसत होतं हो.” आणि माझं तोंड पाहून घाईनं म्हणाला, “आत पाय न्हाई टाकला, शपथ! बाईंनी सांगितलं तसंच. वरनं सोडला.”

आत्यानं ऐकलं होतं.

तिचे हात सतत काही ना काही करत असायचे. टाका घाल, दोरा तोड, किल्ल्या मोज. ते तिच्या मांडीवर नुसते पडून राहिलेले मी पाहिले. ती गेनूवर ओरडली नाही. ती पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेकडे पाहत होती.

“आत्या, पडदा फाडायलाच नको,” मी म्हणालो. “टाका अडकला म्हणून सांगू.”

“मास्तरांना फाडून देते म्हटलंय.”

“पण रहमिमजींना—”

“त्यांनाही म्हटलंय.” ती उठली. “मास्तर, भाषण किती उरलंय?”

“पान-दीड पान.”

“रत्नाकरला खूण करा. वाढव म्हणावं.”

“वाढव? मिल्काबाई, मी सहा महिने घासून लिहिलंय ते—”

“मास्तर!”

मास्तरांनी घाबरून दोन्ही हात ताणल्यासारखे केले. रत्नाकरनं ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो सगळ्या नाटकात त्याला अभिनयानं साधला नव्हता. “बंधूंनो,” तो म्हणाला, “पण त्याआधी तुम्हाला या मंदिराचे दरवाजे सांगतो.” पोस्टमनच तो. तो प्रत्येक दरवाजाला गेला.

गेनू आणि मी तुळईवर चढलो. वरून खाली पाहिलं तर अंधुक चौकोनात कलश, नीट मधोमध. आकडा सोडला. तो पानांत अडकला, पानं वर आली, आणि नारळ घरंगळत कोपऱ्यात गेला.

“आता?” गेनू म्हणाला.

आत्या शिडीच्या अर्ध्यावर उभी होती. “बिन्या, तू उतर.”

“आत?”

तिनं राजदरबाराच्या झालरीतला काळा तुकडा टरकन फाडला आणि माझ्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंनी टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापडं बांधली. “इकडेतिकडे बघायचं नाही. उचलायचं आणि वर यायचं.”

“आत्या, गोणपाट आहे ते.”

“मला सांगतोस? मीच बांधलंय.”

दोरी माझ्या कमरेला, दुसरं टोक गेनूच्या हातात. तो महादेवाचं नाव घेत मला सोडू लागला. खाली उतरलो तसा खळीचा आणि ओल्या रंगाचा वास आला. पडद्याच्या पलीकडे, दोन हातांवर, रत्नाकरचा आवाज होता. तो आता दरवाजांवरच्या सोन्याच्या द्राक्षवेलीला लागला होता, एकेक पान करून. मला दिसत होतं ते एवढंच: जमिनीचा तुकडा, माझे अनवाणी पाय, तांब्याचा कलश. नारळ शोधायला मला सगळी मान फिरवावी लागली. तो सदऱ्यात टाकला, कलश छातीशी धरला. अर्धं पाणी माझ्या विजारीवर.

आणि तेवढ्यात द्राक्षं संपली. भाषणाच्या भरात रत्नाकर आपसूक मूळ वाक्यावर आला. “आणि बंधूंनो, त्याच क्षणी—”

खूण ती. मेघगर्जनेचा पत्रा हलवणाऱ्या माणसाला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं पत्रा हलवला.

पडद्याची दोरी आता विंगेत उतरलेल्या आत्याच्या हातात होती. मी अजून जमिनीपासून हातभर वर. गेनू ओढत होता, माझं वजन अधिक कलश अधिक नारळ. पत्रा गडगडत राहिला. पडदा फाटेना. रत्नाकर म्हणाला, “त्याच क्षणी, बंधूंनो,” आणि पुन्हा म्हणाला, “अगदी त्याच क्षणी.” फेटेवाल्यांनी वर पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटले. डोकं चौकटींच्या वर आलं तशी मला झापडांच्या मधल्या फटीतून विंगेतली आत्या तेवढी दिसली, दोरी मनगटाला गुंडाळलेली, नजर पडद्यावरच्या झालरीकडे, माझे पाय वर यायची वाट बघत. तिला घाई करणं पत्र्याला जमलं नाही, रत्नाकरला जमलं नाही.

टाचा झालरीच्या वर गेल्या आणि तिनं झटका दिला.

पडदा वरून खाली उसवत गेला. आवाज खऱ्या फाटण्याचा आला. कच्चा टाका घालायची तिला सवय नव्हती, एकदोन ठिकाणी कापडच गेलं. दोन तुकडे दोन बाजूंना लोंबले. आणि मधे काही नव्हतं. गोणपाटाची भिंत, मातीच्या रंगाची. वरच्या झरोक्यातून उतरतं ऊन आलं होतं, ते नुसतं तिच्यावर पडलं होतं.

पत्रा थांबला. मागून कुणीतरी अर्धवट म्हणालं, “आत काहीच नाही की.”

कुणी हसलं नाही. पण हसू कुठल्याही क्षणी येईल अशी ती शांतता होती. नाटकवाल्याला ती मानेच्या मागे कळते.

तेव्हा पहिल्या रांगेत काठी वाजली. रहमिमजी उठून उभे राहिले.

मला वाटलं, चालले. पण ते जागचे हलले नाहीत. आमच्या सिनेगॉगमध्ये एक कपाट असतं, हेखाल. त्यात धर्मशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवतात आणि समोर पडदा असतो. तो पडदा सरला की बसलेला माणूस उठतो. विचार करून नाही. तान्ह्या वयापासून पायांना सवय असते. म्हाताऱ्याचे पाय उठले की मन उठलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांच्यामागे त्यांची रांग उठली. मग बायका उठल्या, नाकावरचे पदर सोडून. मागच्या मंडळीनं पाहिलं, पुढचे उभे आहेत. पाळकसाहेब उठले. आणि मग अख्खा हॉल, खुर्च्यांचा एकच खडखडाट, आणि पुन्हा शांतता. टाळी एकानंही वाजवली नाही.

मी तुळईवर ओला बसलो होतो, मांडीवर कलश. शेजारी गेनूनं हात जोडले होते. कुणाला, ते मी विचारलं नाही.

आत्या विंगेत होती. तिथून तिला ती खोली दिसतच नव्हती. तिला दिसत होती फक्त उभी राहिलेली माणसं, आणि ती त्यांच्याकडे एकेक करून, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत, बघत गेली.

नंतर मास्तर मागे आले. नाक लाल, वही चुरगळलेली.

“मिल्काबाई, त्या रविवारी पहाटे आमच्या बायका येशूच्या कबरीपाशी गेल्या, तेव्हा आत…” त्यांनी वहीची चुरगळलेली पानं सरळ केली. “तिथंही काही नव्हतं हो. तीस वर्षं मी हे शिकवतोय. आज पाहिलं.”

“मग महिनाभर पंखांसाठी भांडलात कशाला?” आत्या म्हणाली. पण तिनं त्यांना स्वतःच्या ट्रंकेवर बसायला दिलं.

रहमिमजीही आले. रंगपटात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं आणि कुठं टाकू नये हे बघत टाकलं होतं. माझी ओली विजार, सदऱ्यातला नारळ, भेदरलेला गेनू, हे सगळं त्यांनी पाहिलं. इतकी वर्षं मुकादमकी केलेल्या माणसाला बेरीज करायला वेळ लागत नाही.

“वरून काढलंत?” त्यांनी विचारलं.

“वरूनच,” आत्या म्हणाली.

“झापडं?”

“बांधली होती.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. काठी या हातातून त्या हातात घेतली, दाराशी गेले, आणि बाजूला झाले. “चला, मिल्काबाई. आधी तुम्ही. बाहेर सगळे थांबलेत.”

शाळेच्या पटांगणात आमची माणसं उभी होती. आत्या बाहेर आली तशी ती दुतर्फा सरकली. मी कलश घेऊन मागे. कुणी काही बोलेना. आमच्या लोकांना कौतुक करायची सवय नाही, सुरुवात कुणी करायची हा प्रश्न असतो. अखेर शेगुला मावशी पुढे आली. सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“मिल्का,” तिनं आत्याचा हात चाचपून धरला, “सगळे उठले म्हणून मीही उठले. पण मला मागून काही दिसलं नाही गं. आत काय होतं?”

दाढीच्या एका केसाचं वर्णन करून गिऱ्हाईक जिंकणारी माझी आत्या. तिनं पदर सारखा केला, मान वर केली, आणि माहेरचं सोनं विचारल्यावर बाईनं सांगावं त्या तोऱ्यात, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“काहीही नव्हतं, मावशी.”